रकाना क्रमांक सात

अर्जात सातवा रकाना असा:
'गेल्या तीन वर्षांतील दैनंदिन सरासरी उतारू.'
गाडी थांबायची बंद झाली त्याला चार वर्षं झाली.
मी पेनाला टोपण लावलं.
शून्य लिहायला हात होईना,
खरं असूनही.

कातळखोल हॉल्ट म्हणजे
एक फलाट, जांभ्याची भिंत, कोरडा नळ
आणि सुलभा तरवडकर, कमिशनवरची एजंट.
तिनं तिकिटावर तारीख मारायचं यंत्र घरी नेऊन
तांदळाच्या डब्यात पुरलंय, खारी हवा लागू नये म्हणून.
दर अमावास्येला काढते, तेल देते,
कुणाच्या तरी जुन्या लग्नपत्रिकेवर
त्या दिवसाचा एक ठसा मारून बघते.
"चाकां अडाकली तर? गाडी चालू नि मीच बंद!"

रूळ आले तेव्हा मुकादमांची सव्वीस कलमं गेली,
आमची काजूची वरकस गेली,
गुरवांच्या विहिरीचं पाणी बोगदा प्यायला.
कुणी हूं केलं नाही. स्टेशन मिळणार होतं.
आता एक्स्प्रेस जाते तेव्हा फलाटावरचं गवत
आडवं होतं
आणि सावकाश उठतं.

भाची कॅनडात असते, गाड्यांच्या नियोजनातच.
तिला फोनवर सातवा रकाना वाचून दाखवला.
हसली. म्हणाली, मामा, इकडेही अशी गावं आहेत.
रूळ आहेत, लांबच लांब मालगाड्या आहेत,
माणसांची गाडी तेवढी गेली,
आणि वर कागद विचारतो, माणसं कुठायत?
कुलूप लावलेल्या दुकानाची विक्री विचारतात.
तू आले ते नको मोजूस.
आले असते ते मोज.

मग आठ दिवस आम्ही 'असते' मोजले.
हसीना मुकादम, मंगळवार-शुक्रवार, डायलिसिस,
रिक्षा अकराशे, येताना वाटेत दोनदा थांबायचं, ओकारीला.
आयटीआयची नऊ पोरं.
त्यातल्या चौघांनी शिकणं सोडलंय, तरी लिहिली.
तांडेलांची काकी, सुक्या बांगड्यांच्या दोन पाट्या,
एसटीचा कंडक्टर वासाला नाही म्हणतो.
भिकू गुरव म्हणाला, माझा नाव घाल.
"तू कुठे जातोस?"
"खंय नाय. पण गाडी असती तर
कोणीतरी इचारल्यान असता, भिकू, खंय चाललंस?"
तोही लिहिला.

साहेब जीपनं आले. तरुण, घामेजलेले, तसे बरे.
फलाटावर आलेख पसरला,
चार कोपऱ्यांवर चार चिरे ठेवले.
आडवी वेळ, उभी स्थानकं,
मध्ये तिरक्या रेघांची गुंतवळ,
कुणीतरी वाळत टाकून विसरलेलं जाळं जसं.
"एकेरी रूळ आहे," ते म्हणाले,
"दोन मिनिटं थांबवायची तर सात जातात.
मागून एक्स्प्रेस. समोरून माल.
जागा कुठाय, तुम्हीच दाखवा."

ते बोलून गेले, म्हणायची रीत म्हणून.
सुलभा उकिडवी बसली.
चष्मा घरी राहिला होता, रेघा बोटानं चाचपत गेली.
"सकाळचो माल खालच्या स्टेशनात रखाडता.
पावणेआठ ते आठ-पाच.
मी भाकरी थापतंय तेव्हा रूळ गप असतत.
हय."
बोट टेकलं तिथे
कागद खरंच कोरा होता.

साहेब बराच वेळ बोलले नाहीत.
मग पेन्सिलीनं एक रेघ ओढली,
फिकट, खोडता येईल इतपत.

निघताना कळलं, जीपचा पट्टा तुटलाय.
"इथून रत्नागिरीला कसं जायचं?"
"सव्वातीनची एसटी," मी म्हटलं, "आली तर."
ते बाकावर बसले. बूट काढले. पाणी मागितलं.

मी वही उघडली.
भिकूच्या खाली जागा होती.
एकशे सतरा: साहेब.
गेले असते.